बालपणींचा आजार आणि तारुण्याचा उंबरठा



मुलांच्या आजारांविषयीं आपण पुष्कळ ऐकतां. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला या विषयांवर बोलणारांची वाण नाहीं. परंतु जे आजार मुलाला लहानपणीं जडतात आणि मग जन्मभर त्याची सोबत सोडीत नाहींत, त्यांच्याविषयीं, आणि विशेषतः तें मूल सोळा-अठरा वर्षांचें झालें म्हणजे काय घडतें याविषयीं, फारसें कोणी बोलत नाहीं. आज मी तेंच बोलणार आहें.

न बोलण्याचें एक कारण सरळ आहे. हा प्रश्नच मुळीं नवा आहे. शंभर वर्षांपूर्वीं मुलाला मधुमेह झाला म्हणजे त्याच्या मोठेपणाची चिंता करण्याचें कोणास कारण पडत नसे. तें मूल कांहीं महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत, आईबापांच्या डोळ्यांदेखत झिजून जाई. जानेवारी १९२२ मध्यें कॅनडांतील टोरांटो शहरीं लेनर्ड थॉम्सन नांवाच्या एका मुलाला बँटिंग, बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं तयार केलेलें इन्शुलिन टोंचण्यांत आलें. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षें जगला. म्हणजे बालमधुमेह घेऊन तो पुरुष झाला. पुढें १९४४ सालीं बाल्टिमोर येथें, जन्मतः हृदयांत दोष असल्यामुळें अंग निळें पडलेल्या एका बालकावर डॉ. हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून डॉ. ब्लॅलॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. तिची प्रयोगशाळेंतील सारी तयारी व्हिव्हियन टॉमस या कुशल सहाय्यकानें केली होती. आज अशा दोषांवर उपचार झालेलीं मुलें वाढून नोकऱ्या करीत आहेत, संसार मांडीत आहेत. थॅलॅसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार घ्या. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा कांहीं समाजांत तो अधिक आढळतो, पण इतरांतहि असतो. त्यांतील मुलांना दर दोनतीन आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. तींहि आतां तिशी-चाळिशी गांठूं लागलीं आहेत.

वैद्यकशास्त्राचा हा मोठाच विजय होय. परंतु वांचविलेल्या मुलाचें पुढें काय करावयाचें याचा विचार, मुलाला वांचविणाऱ्या शास्त्रानें पुरेसा करून ठेवला नव्हता.

आपण मुंबईंत परळला गेलां असाल. बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय तेथें १९२९ सालीं उभें राहिलें. त्याच्या शेजारींच १९२६ सालचें के. ई. एम. रुग्णालय आहे. एका दारांतून निघून दुसऱ्या दारांत शिरावयास फार तर पांच मिनिटें लागावीं. नकाशावर मुलांचा दवाखाना आणि मोठ्यांचा दवाखाना हे असे शेजारी-शेजारी असूं शकतात. कित्येक गांवीं तर ते एकाच आवारांत, वरच्या आणि खालच्या मजल्यावर असतात. तरीहि जगांतल्या पुष्कळ देशांत असें आढळून आलें आहे कीं, या दोन दारांच्या मध्येंच कित्येक मुलें नाहींशीं होतात. मुलांच्या डॉक्टरांनीं सांगितलें, "तूं आतां मोठा झालास, पुढें मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा;" मुलानें मान डोलावली; आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडे तो कधीं पोंचलाच नाहीं. पोंचला तो चारसहा वर्षांनीं, बेशुद्धावस्थेंत, नाहीं तर डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागल्यावर.

असें कां व्हावें? मुलें बेफिकीर असतात, हें उत्तर आपल्या ओठांवर तयारच असतें. मला तें उत्तर अपुरें वाटतें.

माझा व्यवसाय मोठ्यांच्या डॉक्टराचा. माझ्याकडे एखादा अठरा वर्षांचा मुलगा प्रथमच येतो. बरोबर आई असते. मी त्याला विचारतों, "काय रे, इन्शुलिन किती घेतोस?" तो आईकडे पाहतो. आई सांगते, "सकाळीं चौदा आणि रात्रीं आठ, डॉक्टरसाहेब." मी पुन्हां त्यालाच विचारतों, "कोठें टोंचतोस?" पुन्हां आईच उत्तर देते, "पोटावर आणि मांडीवर. मीच देतें हो अजून. त्याला कुठला वेळ, बारावीचें वर्ष!" मुलगा खिडकीबाहेर पाहत असतो, जणूं कांहीं आम्ही दोघें तिसऱ्याच कोणाविषयीं बोलत आहोंत.

या माउलीला नांव ठेवण्याचें पाप मी करणार नाहीं. मुलगा आठ वर्षांचा असतांना तिनें सुई हातांत घेतली. दिवसांतून दोनदां, दहा वर्षें, म्हणजे सात हजारांहून अधिक वेळां तिनें ती टोंचली. रात्रीं दोन वाजतां उठून त्याच्या कपाळावर घाम तर नाहीं ना हें पाहिलें. शाळेंतल्या बाईंना समजावलें, लग्नकार्यांत त्याचें ताट निराळें वाढलें. तिच्यामुळेंच तो माझ्यासमोर बसला आहे. पण पुढच्याच महिन्यांत तो पुण्याच्या नाहीं तर नागपूरच्या वसतिगृहांत राहावयास जाणार, आणि आपल्या आजाराचें नांव सोडून त्याविषयीं त्याला कांहींहि ठाऊक नाहीं!

मुलांच्या दवाखान्याची रीतच अशी कीं तेथें बोलणें आईशीं चालतें. डॉक्टर मुलाला हंसवितात, खाऊ विचारतात, आणि मग मान वळवून औषध आईला सांगतात. मोठ्यांच्या दवाखान्यांत याच्या उलट. तेथें डॉक्टर रोग्याशीं बोलतो, थोडक्यांत बोलतो, आणि बाहेर पन्नास माणसें खोळंबलेलीं असतात. त्यांतून एक गोष्ट आमच्या बाजूनें कबूल केली पाहिजे. आम्हां मोठ्यांच्या डॉक्टरांकडे येणारे मधुमेही बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, पोट सुटलेले, गोळ्यांवर भागणारे असे असतात. लहान मुलांचा मधुमेह हा निराळाच रोग आहे. त्यांत स्वादुपिंडांतील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तेथें गोळी इन्शुलिनची जागा घेऊं शकत नाहीं आणि पथ्यानें तें सुटत नाहीं. घाईगर्दींत एखाद्यानें या तरुणाला त्या पन्नाशीच्या गृहस्थांच्या पंक्तीला बसविलें आणि "आतां सुया पुरे, गोळ्या घेऊन पाहूं" असें म्हटलें, तर दोनचार दिवसांतच रक्तांत आम्ल सांचून प्राणावर बेतूं शकतें. याकरितां मुलाच्या स्वतःच्या तोंडीं एक वाक्य पक्कें बसलेलें असावें: "माझा मधुमेह पहिल्या प्रकारचा आहे, माझें इन्शुलिन एक दिवसहि बंद करतां येणार नाहीं." ताप असो, उलट्या होत असोत, जेवण गेलेलें नसो, इन्शुलिन बंद करावयाचें नाहीं. मात्रा किती हें डॉक्टरांना विचारावें.

आतां वयाचा विचार करूं. तेरा ते वीस हीं वर्षें या आजारांत मुळांतच अवघड असतात. वयांत येतांना शरीरांत जे अंतःस्राव वाढतात ते इन्शुलिनच्या कामास विरोध करतात. म्हणून काल पुरत असलेली मात्रा आज पुरेनाशी होते आणि साखर चढते. आईबापांस वाटतें, पोरानें चोरून मिठाई खाल्ली. खाल्लीहि असेल, पण न खातांहि साखर चढते, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. मग रागावणें, रडारड, आणि शेवटीं वहीमध्यें खोटे आंकडे! साखरेच्या नोंदीची वही फार गुळगुळीत दिसूं लागली, रोज एकशेंदहा, एकशेंवीस, एकशेंपंधरा, कीं जाणावें, या घरांत खरें बोलण्याला शिक्षा आहे. आतां दंडावर चिकटवून साखर सतत दाखविणारीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांत आंकडे बदलतां येत नाहींत. पण मुलगा तें यंत्रच काढून ठेवूं शकतो. तेव्हां यंत्रापेक्षां घरांतील बोलण्याची रीत आधीं सुधारावी हें बरें.

आणि या वयांतील दुर्लक्ष पुढें भरून निघत नाहीं. अमेरिका आणि कॅनडा येथें १४४१ मधुमेही रोग्यांची जी दीर्घ पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९३ सालीं प्रसिद्ध झाले. तींत तेरा वर्षांपासूनचीं मुलें होतीं. साखर कसून ताब्यांत ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा आणि मूत्रपिंडांचा बिघाड पुष्कळ टळतो, हें तिनें सिद्ध केलें. पुढें त्याच लोकांची वर्षानुवर्षें विचारपूस केली असतां असें दिसलें कीं, नंतर दोन्ही गटांची साखर सारखी झाली तरी ज्यांनीं आधीं काळजी घेतली होती त्यांचा लाभ टिकून राहिला, आणि ज्यांनीं ती घेतली नव्हती त्यांचें नुकसानहि टिकून राहिलें. शरीर त्या वर्षांचा हिशेब ठेवतें. दुर्दैव असें कीं या बिघाडाला वेदना नाहीं. डोळ्याचा पडदा खराब होतांना दुखत नाहीं, मूत्रपिंड कुरकुर करीत नाहीं. दवाखान्यांत न जातांहि दोन वर्षें आपण ठणठणीत आहोंत असें मुलाला वाटतें, आणि वाटणारच!

थॅलॅसेमियाचेंहि असेंच. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारें दोनशें मिलिग्रॅम लोह अंगांत जातें. शरीराला तर दिवसाकाठीं एकदोन मिलिग्रॅमहून अधिक लोह बाहेर टाकतां येत नाहीं. उरलेलें यकृतांत आणि हृदयांत सांचत राहतें. तें काढण्याचें औषध पूर्वीं रात्रभर पंपाच्या सुईनें घ्यावें लागे, आतां गोळ्याहि आहेत. रक्त चुकलें तर थकवा येतो, म्हणून रक्ताला मुलगा जातोच. लोहाचें औषध चुकलें तर आज कांहींच होत नाहीं, म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षीं तेंच प्रथम सुटतें. आणि पुढें हृदय थकतें.

इंग्लंडांत या प्रश्नाची चौकशी करून तेथील आरोग्यसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगानें २०१४ सालीं एक अहवाल काढला. त्याचें नांवच मुळीं "तळ्यांतून समुद्रांत" अशा अर्थाचें होतें. पुढें २०१६ मध्यें तेथील राष्ट्रीय संस्थेनें नियम घालून दिले. मुलाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षींच या स्थलांतराची तयारी सुरू करावी. त्याच्यासाठीं एक ठराविक माणूस नेमून द्यावा, आणि त्यानें बदलाच्या आधीं व नंतर निदान सहा-सहा महिने मुलाची पाठराखण करावी. आपल्याकडे अशी नेमणूक फार थोड्या ठिकाणीं शक्य होईल. पण तेराव्या वर्षींच आरंभ करण्यास आपणांस कोणाची परवानगी हवी आहे? त्याला पैसे पडत नाहींत.

माझ्या मतें रुग्णालयाचा बदल ही मागाहूनची गोष्ट आहे. त्याच्याआधीं एक बदल घरांत व्हावा लागतो: आजार आईच्या हातांतून मुलाच्या हातांत गेला पाहिजे. आठनऊ वर्षांच्या मुलाला आज कोणत्या बोटाला टोंचावयाचें हें ठरवूं द्यावें. बाराव्या वर्षीं त्यानें स्वतः टोंचून घ्यावें, आईनें जवळ बसून नुसतें पाहावें. चौदाव्या वर्षीं डॉक्टरांच्या खोलींत दहा मिनिटें त्यानें एकट्यानें बसावें. या दहा मिनिटांना आपल्याकडे फार विरोध होतो. "आमच्यापासून लपवावें असें काय आहे?" असें वडील विचारतात. लपविण्यासारखें बरेंच असतें, आणि तें डॉक्टरांना कळणें घरीं कळण्यापेक्षां अधिक निकडीचें असतें. मित्रांबरोबर मद्य चाखलें असतां यकृत साखर सोडावयाचें थांबतें, आणि इन्शुलिन घेणाऱ्याची साखर दुसऱ्या दिवशीं पहांटेसुद्धां धोक्याइतकी उतरूं शकते. ही माहिती ज्याला हवी तो मुलगा ती आईसमोर कधींच विचारणार नाहीं.

सोळाव्या वर्षीं औषधें संपण्याआधीं आणण्याचें काम त्याचेंच असावें. एकदां तो विसरेल. त्या वेळीं घरांत एक जादा कुपी ठेवलेली असावी, पण ती कोठें आहे हें लगेच सांगूं नये. वसतिगृहांत गेल्यावर खोलींतल्या सोबत्याला हें ठाऊक असलें पाहिजे कीं, आपला मित्र घामाघूम होऊन असंबद्ध बोलूं लागला तर त्याला गिळतां येत असतांनाच तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावयाची, आणि गिळतां येत नसेल तर तोंडांत कांहीं न घालतां दवाखाना गांठावयाचा. हें सांगण्याची लाज वाटते, म्हणून सांगितलें जात नाहीं.

विलायतेंतील पुस्तकें वाचून कोणी म्हणतात कीं अठरावें लागतांच आईनें बाजूला व्हावें. आपल्या घरांची घडण तशी नाहीं, आणि तशी नसावी असेंच मला वाटतें. आपल्याकडे तिशींतल्या मुलालाहि आई जेवलास का विचारते. तें प्रेम औषधाइतकेंच उपयोगी आहे. तिनें खुशाल बरोबर यावें. फक्त खुर्ची थोडी मागें घ्यावी आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मुलाला देऊं द्यावें.

मुलींच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे, आणि ती मी स्पष्ट बोलतों. मुलगी उपवर झाली कीं कित्येक घरांत तिचा आजार झांकून ठेवण्याचा निश्चय होतो. जुना दवाखाना सुटतो, कारण तेथें ओळखीचें कोणी पाहील. नवा धरला जात नाहीं, कारण कारण सांगावें लागेल. लग्नानंतर ती स्नानगृहांत दार लावून इन्शुलिन टोंचते, सासरच्या पंक्तींत वेळ टळली म्हणजे टोंचीतहि नाहीं. आणि मग दिवस राहतात. गर्भाचे मुख्य अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. म्हणजे पुष्कळदां आपणांस दिवस राहिले आहेत हें तिला कळेपर्यंत बरेंचसें घडून गेलेलें असतें. त्या काळांत साखर चढलेली असेल तर बाळाच्या हृदयांत आणि मज्जारज्जूंत दोष येण्याचा संभव वाढतो. साखर आधीं कांहीं महिने ताब्यांत असेल तर याच मुली निरोगी बाळांच्या आया होतात, हें आम्ही नित्य पाहतों. थॅलॅसेमिया असलेल्या मुलामुलींच्या लग्नाआधीं जोडीदाराच्या रक्ताची तपासणी ही कुंडलीच्या आधीं व्हावी. दिसावयास निरोगी असा जोडीदार जर त्या दोषाचा वाहक निघाला, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा संभव निम्मा असतो. हें सारें ज्या डॉक्टरानें समजावून सांगावयाचें तो मोठ्यांचा डॉक्टर. आणि त्याच्यापर्यंत मुलीला पोंचूं द्यावयाचें कीं नाहीं हें घर ठरवितें. आजार सांगितल्यानें एखादें स्थळ मोडेल, हें मी नाकारीत नाहीं. लपविल्यानें काय मोडतें तेंहि मी पाहिलें आहे.

सरकारी सोयींविषयीं थोडेंसें. २०१३ सालीं सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं आहे. नांवाप्रमाणेंच त्याची मर्यादा तेथें संपते. २०१६ च्या दिव्यांगांविषयींच्या कायद्यानें थॅलॅसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार आपल्या यादींत घेतले, आणि त्या कायद्याला वयाची अट नाहीं. तेव्हां अठराव्या वर्षाआधींच आपल्या मुलाचे कोणते कागद पुढें चालूं राहतात आणि कोणते नव्यानें करावे लागतात याची चौकशी करून ठेवावी.

आतां प्रत्यक्ष बदल कसा करावा? परीक्षेच्या महिन्यांत करूं नये. मूल आजारी असतांना करूं नये. गांव बदलतें त्याच आठवड्यांत तर मुळींच करूं नये. जुन्या डॉक्टरांकडून एका पानावर मावेल असें पत्र घ्यावें. रोगाचें नेमकें नांव, तो कोणत्या वर्षीं लक्षांत आला, आज चालू असलेलीं औषधें व त्यांच्या मात्रा, कोणतें औषध सोसलें नाहीं, मोठे प्रसंग कोणते आले, डोळे, मूत्रपिंड, हृदय यांची तपासणी शेवटीं केव्हां झाली, कोणत्या लसी टोंचल्या, एवढें त्यांत असावें. दहा वर्षांच्या केसपेपरांचें बोचकें नव्या डॉक्टरापुढें उघडूं नये, तो तें वाचीत नाहीं. पत्राची प्रत मुलाच्या मोबाइलमध्यें असावी. शक्य असेल तेथें नव्या डॉक्टरांची पहिली भेट जुन्या डॉक्टरांची शेवटची भेट होण्यापूर्वीं घ्यावी, म्हणजे तेथें कांहीं पटलें नाहीं तर येऊन सांगण्यास जागा राहते.

या पहिल्या भेटीला मुलें बहुधा येतात, कारण आई घेऊन येते. चुकते ती दुसरी भेट. पहिल्या दिवशीं निघण्यापूर्वींच दुसऱ्या भेटीची तारीख मुलानें आपल्या हातानें लिहून घ्यावी. आणि त्या दिवशीं तो आला नाहीं, तर दवाखान्यांतील कोणीतरी त्याला दूरध्वनि करावा. आईचा क्रमांक कागदावर वर लिहिलेला असतो, म्हणून सवयीनें तिलाच करतात. करावा तो मुलाला.